सरपंचाच्या वडिलांचे दात

पार्थेनामावशी माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघायची नाही. ती आधी भुवयांच्या वर बघायची, मग जबड्याच्या कोपऱ्याकडे, मग हनुवटीकडे. समाधान झालं की म्हणायची, "छान निघशील हो तू." नव्या माणसाला ते कौतुक वाटायचं. त्याचा अर्थ कळायला त्याला आमच्या गावात निदान चार वर्षं काढावी लागायची.

कारण आमच्या क्रानोखोरीत माणूस पुरला म्हणजे संपत नाही. दफनभूमीत जागा थोडी आणि मरायला सगळ्यांनाच घाई. म्हणून तीन-चार वर्षांनी माणसाला वर काढायचं, हाडं लाल वाइननं धुवायची, उन्हात सुकवायची आणि नाव घातलेल्या पत्र्याच्या डब्यात भरून चर्चमागच्या अस्थिघरात ठेवायची. हाडं स्वच्छ पिवळी निघाली की बायका म्हणतात, पुण्यवान होता. काळी निघाली की काहीच म्हणत नाहीत, नुसत्या एकमेकींकडे बघतात. हे वर काढायचं आणि धुवायचं काम चाळीस वर्षं पार्थेनामावशीकडे होतं. मी चर्चच्या दारात मेणबत्त्या विकते. आमच्याकडे मेणबत्त्या रविवारी खपतात, बाकीचे सहा दिवस मी तिच्याजवळ बसून घमेलं धरत असे.

ती खालच्या आळीतली. खालची आळी म्हणजे काळ्या समुद्राच्या पलीकडच्या काठावरून हाकलून लावलेले आमचेच ग्रीक लोक. बैलगाड्यांतून गावात आले तेव्हा पार्थेना आईच्या मांडीवर होती. आम्ही वरच्या आळीतले, म्हणजे मूळचे. मूळचे म्हणजे किती मूळचे, हे विचारायचं नसतं. आमच्याकडचे म्हणायचे, "त्यांची गालफडं बघा, लगेच ओळखू येतात." त्यांच्याकडचे म्हणायचे, "वरच्या आळीतल्यांच्या नाकावर मेंढ्या चरायला सोडाव्यात." पन्नास वर्षं एकाच विहिरीचं पाणी पिऊन हे चाललं होतं.

मावशी शाळेत दोन इयत्तांच्या पुढे गेली नव्हती, पण चेहऱ्याच्या हाडांचं तिचं ज्ञान भल्याभल्यांच्या तोंडात मारेल असं होतं. एकदा मी विचारलं, "मावशी, वर काढल्यावर पुरुष कुठला न्‌ बाई कुठली, कसं गं कळतं तुला?"

"बोट आण इकडे." तिनं माझं बोट धरून एका कवटीच्या डोळ्याच्या खोबणीवरून फिरवलं. "वरची कड धारदार लागते ना? बाई. पुरुषाची बोथट असते. डोळे वटारून वटारून झिजते."

"काहीतरीच!"

"मग तू सांग कशानं. बरं, हे भुवईवरचं हाड बघ. पुढे आलंय का? पुरुष. हनुवटी चौकोनी? पुरुष. कानामागचा हा गड्डा एवढा जाड? पुरुष. कानामागे एवढं मोठं हाड ठेवलंय देवानं, तरी मेल्यांना बायकोची हाक ऐकू येत नाही."

"आणि बाईची?"

"बाईचं कपाळ सरळ, हनुवटी निमुळती, सगळं मऊसूत. म्हातारी होईपर्यंत हं. सत्तरी उलटली की आमची हाडंसुद्धा पुरुषी व्हायला लागतात. घर चालवायचं म्हणजे काय गंमत आहे?"

"न्‌ वरची आळी, खालची आळी? तेही कळत असेल."

यावर ती घमेल्यातलं पाणी ढवळत बसली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं शोधतेय, बये. गालफडं तुमच्यातही वर आलेली निघतात, आमच्यातही. नाकाचं भोक तुमच्यात अरुंद, तर आमच्यातही निम्म्यांचं अरुंद. मला नाही कळत. डब्यावरचं नाव वाचते न्‌ गप्प बसते."

आणि मग ती नेहमीचं वाक्य बोलली, जे ती प्रत्येक मयताला, प्रत्येक बारशाला आणि दोन पेले पोटात गेल्यावर कॉफीघरासमोर उभी राहूनही बोलायची: "पण चाळीस वर्षांत माझ्या हातून एक दात इकडचा तिकडे झालेला नाही." तिच्याकडे जमीन नव्हती, मूलबाळ नव्हतं. नवरा लांबिस अस्थिघरातल्या डाव्या भिंतीशी डब्यात होता. या वाक्याखेरीज तिच्या मालकीचं असं दुसरं काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात जमीन हलली. गावात धुराडी पडली, एक गोठा पडला आणि अस्थिघराच्या फळ्या कोसळल्या. डबे एकावर एक येऊन पडले, पण सुदैवानं फुटले दोन-तीनच. सरपंचाला मात्र यात देवाची इच्छा दिसली.

सरपंच म्हणजे स्तेर्गिओस, माझा सख्खा चुलतभाऊ, म्हणून मी त्याच्याबद्दल काय वाटेल ते बोलू शकते. गाढव हट्टी असतं, पण त्याला निदान भाषण करता येत नाही. दादानं कॉफीघरात भाषण केलं. अस्थिघर नवं बांधायचं, आत संगमरवर लावायचा, आणि संगमरवरी खोलीत फक्त मूळच्या घराण्यांचे डबे. खालच्या आळीचे डबे गावाच्या मागच्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. "अपमान नाही हं," तो म्हणाला, "नुसती व्यवस्था." त्या शेडमध्ये तोवर चुन्याची पोती आणि मोडका नांगर होता. ठराव पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मांडायचा होता, आणि सरपंचाकडे मतं पुरेशी होती.

मावशीला हे कळलं तेव्हा ती लांबिसच्या डब्याची धूळ पुसत होती. "एकदा मागच्या फाटकातनं गावात आलोय," ती म्हणाली, "आता मेल्यावर पुन्हा मागच्या फाटकाशी? लांबिसला सांधेदुखी होती गं. पत्र्याखाली हिवाळ्यात काय होईल त्याचं?" तिचे डोळे भरले होते. हाडांना सांधेदुखी होत नाही, हे तिला कोण सांगणार?

बांधकामाआधी सगळे डबे उघडून, पुसून, पुन्हा भरायचे होते. ते काम अर्थातच तिचं. तिसऱ्या दिवशी तिनं झिसिसकाकांचा डबा उघडला. झिसिसकाका म्हणजे सरपंचाचे वडील, स्वतःही सरपंच होऊन गेलेले, छातीपर्यंत दाढी आणि खिंडीपलीकडे ऐकू जाणारा आवाज. वीस वर्षं दादा दर श्राद्धाला या डब्यातल्या कवटीचं चुंबन घ्यायचा. कवटी रुमालात गुंडाळलेली, नुसतं कपाळ उघडं. आमच्याकडे चुंबन डोळे मिटून घेतात, तशी रीतच आहे.

मावशीनं रुमाल सोडला, आणि जी थिजली ती थिजलीच.

"काय झालं?"

"दात बघ."

वरचे पुढचे दोन्ही दात जागच्या जागी, भक्कम. मधोमध एक बारीक खाच.

"ही खाच दोऱ्याची," मावशी म्हणाली. "आयुष्यभर दातानं दोरा तोडला की पडते. ही माझी सासू आहे."

तिची सासू सिमेलाबाई खालच्या आळीची शिवणकाम करणारी. पंच्याऐंशी वर्षं जगली आणि त्यातली पासष्ट भांडली. मी धावत जाऊन सिमेलाबाईचा डबा आणला. त्यात एक नाजूकशी कवटी, सरळ कपाळ, चिमुकली हनुवटी आणि वरचे पुढचे दोन दात गायब, हिरडीचं हाडही भरून आलेलं. लढाईच्या वर्षी खेचरानं झिसिसकाकांच्या तोंडावर लाथ मारली होती, हे गावात कोणाला माहीत नव्हतं? दाढी होती तोवर त्यांच्या हनुवटीचा थांगपत्ता कोणाला लागला नव्हता, एवढंच.

मावशीला सगळं आठवलं. सत्तावन्न साली दोघांना एकाच दिवशी वर काढलं होतं. "चादरीवर शेजारी शेजारी सुकत ठेवली गं. सासू माझ्याकडेच बघत होती. मेल्यावरसुद्धा! मला सहन होईना, म्हणून तिच्या तोंडावर रुमाल टाकला. मग वाटलं, एकीवर टाकला न्‌ दुसऱ्यावर नाही, बरं दिसत नाही. म्हणून झिसिसवरही टाकला. न्‌ तसेच गुंडाळून भरले." एवढं बोलून ती हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे स्तेर्गिओस वीस वर्षं माझ्या सासूचा मुका घेतोय! माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी घेतला नाही तिचा!" मग तिला आणखी काही सुचलं आणि हसू थांबलं. "आणि मी रोज सकाळी सासूच्या डब्यासमोर उभी राहून तिला शिव्या घालते. त्या सगळ्या झिसिसनं ऐकल्या?"

"ऐकल्या असतील तर दाढी कुरवाळत बसले असतील."

ती हसली नाही. खाली बसली. "एक दात इकडचा तिकडे नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. "बत्तीसच्या बत्तीस गेले की गं." मला प्रथमच तिची भीती वाटण्याऐवजी तिच्यासाठी भीती वाटली.

आम्ही अदलाबदल करणार, इतक्यात दारात सावली पडली. दादा आला होता, बरोबर शहरातून बोलावलेले एक प्रोफेसर. लाकडी पेटीत चिमट्यासारखी मोजमापाची हत्यारं. मूळची हाडं कुठली आणि आलेली कुठली, हे शास्त्रानं सिद्ध झालं की ठरावाला वजन येईल, असा दादाचा हिशोब. प्रोफेसर उद्या येणार होते. आज आले.

"आधी माझे वडील," दादा म्हणाला आणि डबा पुढे सरकवला. नाव ठळक अक्षरांत होतंच.

प्रोफेसरांनी सिमेलाबाईला दोन्ही हातांत घेतलं, उजेडाकडे फिरवलं, चिमटा लावला. "वा! भुवईचं हाड बघा. जबडा बघा. पुरुष, वय साठीपुढे. प्राचीन डोंगरी रक्ताचा उत्तम नमुना! असे हल्ली मिळत नाहीत."

"नाहीच मिळत," मावशी म्हणाली. "देवाची कृपा."

मग त्यांनी सिमेलाबाईचा डबा घेतला. "बाई. नाजूक बांधा. गालाची हाडं पूर्वेकडची, स्पष्ट दिसतंय. पुढचे दोन दात हयातीतच पडलेले." दादा बोटातली अंगठी फिरवत मान हलवत होता. खेचर त्याला आठवलंही नाही. वडिलांबद्दलचं ते मत त्यानं कागदावर लिहून घेतलं, सही घेतली आणि चौकट करून कॉफीघरात टांगलं.

पण मावशीच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नव्हती. "साहेब," ती गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही आधी डबा वाचता न्‌ मग कवटी. आता उलटं करू या का?" तिनं दहा कवट्या चादरीवर मांडल्या आणि डबे भिंतीकडे तोंड करून ठेवले.

प्रोफेसरांना घाम फुटला, पण माणूस प्रामाणिक होता, तासभर मोजत बसला. पुरुष की बाई हे दहांपैकी नऊ बरोबर आलं. चुकलं ते माझ्या आजीचं, तिला त्यांनी पुरुष ठरवलं. आजोबा हयात असते तर त्यांना नवल वाटलं नसतं. वरची आळी की खालची, हे दहांपैकी पाच बरोबर आलं.

"नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं," प्रोफेसर चष्मा पुसत म्हणाले. "बाई-पुरुष बऱ्यापैकी सांगता येतं. दूरदूरच्या लोकांच्या हाडांत थोडाफार फरकही सापडतो. पण सरपंच, तुमच्या एका आळीतल्या दोन शेजाऱ्यांत जेवढा फरक आहे, तेवढा या दोन आळ्यांमध्ये नाही."

"मग राहू द्या," दादा म्हणाला. "डब्यांवर नावं आहेत ना? नावं पुरे." प्रोफेसर जेवून गेले. ठराव होता तिथेच राहिला.

ठरावाच्या आदल्या दिवशी झिसिसकाकांचं श्राद्ध होतं. दादा डाळिंबाचे दाणे पेरलेले साखरेतले उकडलेले गहू घेऊन अस्थिघरात आला. डबा अजून तसाच होता. अदलाबदल करायला निघालो की मावशी म्हणायची, "थांब, अजून नाही." दादानं डोळे मिटून कपाळाचं चुंबन घेतलं, आणि डोळे उघडले तेव्हा मावशी रुमाल खाली ओढून उभी होती.

"दात बघ, स्तेर्गिओस."

"काय झालं दातांना? चांगले तर आहेत."

"तेच तर. खेचराची लाथ खाऊन कुणाला नवे दात आलेत का कधी?"

त्यानं वाकून दात पुन्हा बघितले. मग त्यानं स्वतःच्या रुमालानं ओठ पुसले, आणि पुसल्याची त्याला लाज वाटली असावी, कारण रुमाल लगेच खिशात कोंबला. "ही कोण?" त्यानं विचारलं.

"सिमेला. माझी सासू."

"ती? जिनं माझ्या लग्नात माझ्या आईला..."

"तीच. चूक माझी आहे. माझ्या हातनं झाली." हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला. "आत्ताच्या आत्ता बदलून देते. कुणाला कळायचं नाही. पण ते शेडचं सोडून दे, स्तेर्गिओस. लांबिसला तिकडे नको पाठवू."

दादा दुसऱ्या कुठल्याही दिवशी कदाचित विरघळला असता. पण त्याला कात्रीत सापडल्यासारखं झालं, आणि कात्रीत सापडलेला माझा भाऊ चावतो. "धमकी देतेस? जा, सांग गावाला! माझ्यावर दोन दिवस हसतील. तुझ्याकडे मात्र पुन्हा कुणी हाड घेऊन येणार नाही. चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल. सांगशील?"

मावशीनं कवटी पुन्हा रुमालात गुंडाळली. तिला ते खरं वाटलं होतं, मलाही.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव अंगणात जमलं. दादानं ठराव वाचला. हात वर करायला सांगणार एवढ्यात मावशी उठली. त्या दिवशी तिनं काळं इस्त्रीचं पोलकं घातलं होतं, ते मला अजून आठवतं. दादाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी नेहमी म्हणते, माझ्या हातनं एक दात इकडचा तिकडे झाला नाही. ते खोटं आहे. झालाय. शरदात मी दिवसाला दोन-दोन, तीन-तीन माणसं वर काढते. एकाच चादरीवर सुकवते. वाइन धुवायला असते, न्‌ थोडी मीही घेते. कुठल्या डब्यात कोण आहे, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. एकाही डब्याचं नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, काळी हाडं निघाल्यावर बघतात तशा.

"तेव्हा ठराव खुशाल करा," ती पुढे म्हणाली. "फक्त शेडमध्ये टाकताना आपापल्या आईला हाक मारून बघा, ओ देते का."

एका डब्याची चूक तिनं सगळ्या डब्यांवर पसरली होती. हे फक्त मला आणि दादाला माहीत होतं. आधी कुजबुज झाली, मग गलका. एक म्हातारी ओरडली, "मेले, माझ्या नवऱ्याचं काय केलंस?" कुणीतरी तिला दारुडी म्हणालं. खालच्या आळीतलेसुद्धा म्हणाले, आणि ते मला जास्त लागलं. ती मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. दादाचं नाव तिनं घेतलं नाही. तो वाट बघत होता, तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि ती घेत नव्हती.

शेवटी दादानं कागदाच्या चार घड्या केल्या. "ठराव रद्द," तो म्हणाला. "डबे होते तिथेच राहतील. सगळ्यांना संगमरवर." खर्च कुठून, असं कुणीतरी विचारलं, तर त्याच्यावर खेकसला.

परतताना मी मावशीला म्हटलं, "एक नाव घेतलं असतंस तर सुटली असतीस. त्याला का वाचवलंस?"

"अगं, वीस वर्षं माझ्या सासूचा मुका घेतोय तो. त्याला घरचा म्हणायचं नाही तर कुणाला?" असं म्हणून ती हसली, पण घरी गेल्यावर दार लावून रडली. मी दाराबाहेर होते, मला ऐकू आलं.

दादा म्हणाला होता ते खरं झालं. लोक तिच्याकडे यायचे थांबले, शेजारच्या गावातून दुसरी बाई आणायला लागले. कवट्यांची अदलाबदल मात्र झाली नाही. मावशीनं विचारलं तेव्हा दादाच म्हणाला, "राहू दे. वीस वर्षं मी तिला सगळं सांगत आलोय, जमिनीचं, पोरींचं. आता नव्यानं बाबांना कुठनं सुरुवात करू?" मावशीलाही ते पटलं. ती झिसिसकाकांना शिव्या घालत राहिली, फक्त शेवटी "माफ करा" म्हणायला लागली. प्रोफेसरांचा तो चौकटीतला कागद कॉफीघरात अजून आहे.

मावशी गेल्याला पाच वर्षं झाली. तिला मागच्या वसंतात मी वर काढलं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन झालं नाही. एकटीलाच काढलं, एकाच चादरीवर एकटीला सुकवलं, रुमाल टाकला नाही. हाडं मधासारखी पिवळी निघाली. कपाळ सरळ, हनुवटी निमुळती आणि भुवईचं हाड चांगलं दणदणीत. घर कधी नीट चालवलं नाही, तरी ते कसं आलं कोण जाणे.

दादा काठी टेकत आला. ऐंशी वर्षांचा झालाय, दिसतं कमी. मी लांबिसशेजारी ठेवायचा डबा भरत होते. "थांब," तो म्हणाला. त्यानं कवटी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे फिरवली, आणि एकेक दात बोटानं चाचपून बघितला.

"तीच आहे," तो म्हणाला, आणि डोळे उघडे ठेवून तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.